तिनं फॉर्म भरला

मंगळवार पेठेतल्या कट्ट्यावर मी म्हैस उभी करतो आणि गिऱ्हाइकासमोरच धार काढून देतो. तिथं रोज सकाळी आमच्या गल्लीतली एक पोरगी किटली घेऊन येती. डाक्टरकीच्या परीक्षेत तिला दोनदा मार्क कमी पडले. नंबर येईस्तवर उभ्याउभ्या हाडांची नावं पुटपुटती. एखादं अडलं की स्वतःच्याच मनगटाला चिमटा घेती.

गेल्या आठवड्यात हळूच म्हणाली, "काका, यंदा परीक्षा राहू दे म्हणते. पुढच्या वर्षी देते. अभ्यास झाला न्हाय."

मी धार काढता काढता ओरडलो, "दोनदा आपटलीस, आता पळतीस व्हय? त्यापेक्षा म्हशी राख की!"

गिऱ्हाइकं खदाखदा हसली. तीबी हसली आणि तिनं मनगटाला चिमटा घेतला.

अभ्यास का झाला न्हाय, ते तिथं मला एकट्यालाच ठाऊक होतं. माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा चार महिने हीच दुपारभर उशाशी बसायची. पेज भरवायची, केस विंचरायची. बायको गेली त्या दुपारीबी हीच जवळ होती, मी न्हवतो.

काल येऊन म्हणाली, "फॉर्म भरला, काका. आता पळाली म्हणू नका."

'माझ्या घरात राबलीस, पोरी. पुढच्या वर्षी दे,' एवढंच म्हणायचं होतं. पण भोवती तीच गिऱ्हाइकं होती. पोरगी रोज एकच लिटर नेती, तरी मी खाली बघत विचारलं, "किती घालू?"