सासूबाईंचं बटण आणि साडूंचा कपॅसिटर

तांदळाच्या दाण्याएवढ्या वस्तूसाठी महिनोन् महिने झुरणारा माणूस अख्ख्या बेळगावात एकच, आणि ते म्हणजे आमचे थोरले साडू. त्यांचा धंदा सर्किट बोर्ड बनवण्याचा. बोर्डावरच्या चिपला क्षणभर वीज कमी पडली, तर शेजारचा कपॅसिटर आपल्या साठ्यातली देतो. तो सिरॅमिकचा घ्यावा, अॅल्युमिनियमचा की टँटलमचा, या विचारात साडूंचं निम्मं आयुष्य गेलं. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या वकिलांनी सहज "काय करता?" म्हणून विचारलं. मठ्ठा येईपर्यंत साडू समजावत होते, "वकीलसाहेब, ठसका लागल्यावर गच्चीवरची टाकी काय कामाची? तांब्या हाताशी पायजे. अॅल्युमिनियम म्हंजे टाकी, सिरॅमिक म्हंजे तांब्या." वकिलांना खरोखरच ठसका लागला, पाणी द्यायचं मात्र साडूंना सुचलं नाही.

संकेश्वरला आमच्या सासूबाई एकट्या राहतात. त्या न्हाणीत घसरल्या, तेव्हा साडूंनी त्यांच्यासाठी एक बटण करायला घेतलं. दाबलं की आम्हा सगळ्यांचे फोन वाजणार. बोर्ड झाला, कपॅसिटर ठरेना. "टँटलम लहान हाय, पर व्होल्टेज चढला तर पेटतोय," असं जेवतानाही पुटपुटायचे. शेवटी त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, म्हणाल्या, "आई शंभरीला टेकंल, तुमचं ठरायचं न्हाय. घरात हाय त्यो लावा." साडूंनी रागारागानं डब्यातला मोठा अॅल्युमिनियमचा लावला आणि बोर्ड फ्रीजशेजारी बसवला.

आठवड्यातच सगळ्यांचे फोन वाजले. मी निपाणीहून, साडू आणि आक्का बेळगावहून, जीव मुठीत धरून पोचलो. सासूबाई भाकरी थापत होत्या. "मी न्हाय बा दाबलं." तेवढ्यात फ्रीज घुरघुरला, आणि आमचे फोन पुन्हा वाजले. मोठा कपॅसिटर जागा होईपर्यंत फ्रीज सुरू होतानाचा विजेचा झटका चिपपर्यंत पोचत होता आणि ती बिचारी गांगरून सगळ्यांना हाका मारत होती. "तरी मी सांगत हुतो," साडू आक्कांना म्हणाले.

नव्या कपॅसिटरची निवड अर्थातच लांबली. तोवर फोन वाजला की कुणीतरी धावायचंच. एखाद्या वेळी खरं असलं तर? अखेर सिरॅमिक ठरला, चिपच्या अगदी पायाशी बसला, आणि फोन गप्प झाले.

पुढं एकदा साडू आणि मी संकेश्वरला गेलो. साडूंनी कौतुकानं फ्रीज चालू-बंद करून दाखवला. सासूबाईंनी चहा पुढं केला.

"लई नीट केलासा, जावईबापू. पर आदी फ्रीज वाजला की कोण ना कोण यायचं. आता कोण येत न्हाय."

साडूंनी चहा संपवला आणि आणखी एक कप मागितला.

तेव्हापासून दर रविवारी ते बोर्ड तपासायला संकेश्वरला जातात. झाकण उघडतात, आत बघतात, झाकण लावतात, आणि मग संध्याकाळपर्यंत सासूबाईंशी गप्पा मारत बसतात. आक्कांनी विचारलं तर म्हणतात, "लई नाजूक काम असतंय. लक्ष ठेवावं लागतंय."