अंगणवाडीच्या फ्यूजात जाड तार

फ्यूजात जाड तार कुणी घातली, ते आधी ह्या गावच्या ग्रुपवर सांगा. रामराम मागनं.

सकाळी नातवाला अंगणवाडीत सोडाया गेले, तर भिंतीवरची वायर तापून जळका वास येत व्हता. तिच्याच खाली पोरं बसलेली. आधी पोरं बाहेर काढली.

आयटीआय शिकणाऱ्या नातीला बोलावलं. तिनं मीटर लावलं. "आजी, दोनशे व्होल्ट, पंधरा अँपियर. कर गुणाकार."

मी दुसरीतनं शाळा सोडली, पण पाढे येत्यात. पंधरा दुणे तीस, वर दोन शून्यं. तीन हजार वॅट! खिचडीच्या दोन विजेच्या शेगड्या, अन् वायर नुसत्या दिव्याला पुरणारी.

नातीनं मेन स्विच पाडला, फ्यूज काढून बघितला, तर आत ही जाड तार.

फ्यूज सारखा उडतो म्हणून तार घातली ना? आता फ्यूज उडत नाय, भिंत पेटती.

हात जोडलेली चित्रं नकोत. ज्यानं तार घातली, त्यानंच उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी गप बसायचं.