बाप्पाच्या पाटावरची मांजर

मांजर घुरघुरली की ती खुशीत आहे, असं आमच्या घरात ठरलेलं. त्या सकाळीही तसंच ठरलं, आणि माझं डोकं फिरलं.

वसईजवळच्या निर्मळ गावात, आमच्या वाडीबाहेरच्या गल्लीत एका स्कूटरने तिला उडवलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. ती उठली, चालत घरात आली आणि पडवीत केळीच्या घडांमागे कोपऱ्यात जाऊन बसली. रक्ताचा थेंब नाही. सासूबाई फुलं निवडत होत्या. त्यांनी वाकून कान दिला. "घुरघुरतेय की! काही झालेलं नाही तुझ्या मांजरीला. दूध दे, झोपेल."

तुझ्या मांजरीला! उंदीर मारला की ती घरची, पातेल्यात तोंड घातलं की माझी. मी देशावरची सून, मांजरही माझ्याच मागून आलेली, म्हणून दोघींना एकच माप.

पण ती नेहमीसारखी बसलीच नव्हती. कोपरं बाहेर काढलेली, मान पुढे ताणलेली, आणि श्वास घेताना पोट भात्यासारखं खालीवर होत होतं. मी वसईच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "हिरड्यांचा रंग कसा आहे?" मी तिचा ओठ हळूच वर केला. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या खोबऱ्यासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"पण डॉक्टर, घुरघुरतेय ती."

"दुखत असलं तरी घुरघुरतात. आत लागलंय तिला. दूध, पाणी काही देऊ नका, माणसांची गोळी तर अजिबात नको. पोट दाबून बघू नका. सपाट फळीवर ठेवा, फार न हलवता लगेच घेऊन या."

सपाट फळी! वाडीत टोपल्यांचा ढीग, फळी मात्र एक नाही. मी देवघरात गेले आणि गणपतीत बाप्पा बसतो तो पाट उचलला.

"अगं ए, तो पाट?" सासूबाई दारात आडव्या. "मरायला कोपरा धरलाय तिने, धरू दे. शांतपणे जाऊ दे की!"

"आत्ता तर काही झालं नव्हतं ना? आता लगेच मरायला लागली? आई, एक काय ते ठरवा! आणि श्वास कोंडून मरण्यात कसली आलीय शांती? बाप्पाला उंदीर चालतो, मग मांजर का नाही चालणार? सरका बाजूला."

सुनेने असं बोलायचं नसतं, मला ठाऊक आहे. तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

टॉवेलसकट तिला पाटावर सरकवलं आणि रिक्षात मांडीवर धरून बसले. रिक्षावाल्याला दम दिला, "भाऊ, एक जरी खड्डा घेतलात तर बघा!" तरी एका खड्ड्यात चाक गेलंच. तिने पाटाच्या कडेत नखं रोवली. मला वाटलं, रोव बाई, घट्ट धर.

एक्सरेत दिसलं, छाती आणि पोटामधला पडदा फाटला होता, आतडी वर छातीत शिरली होती. श्वास घ्यायला जागाच नव्हती बिचारीला. ऑपरेशन झालं. वाचली!

सासूबाईंनी पाट धुतला, गोमूत्र शिंपडलं, उन्हात ठेवला. माझ्याशी बोलणं बंद. नवरा दबकत म्हणाला, "नवा पाट घेऊ या का?" मी म्हटलं, "बाप्पा याच पाटावर बसेल, नाहीतर मोदक तुम्ही वळा."

बाप्पा त्याच पाटावर बसला. आरतीला शेजारीण आली, तिची नजर नेमकी पाटाच्या कडेवर गेली. "अगंबाई, एवढे ओरखडे कसले?"

मी पदर खोचून तयारच होते. पण माझ्याआधी सासूबाईच बोलल्या.

"आमच्या मांजरीच्या नखांचे. प्रसाद घ्या."