हंबीररावांनी लावलेली जोड

हंबीरराव वस्तादांच्या डोळ्यांतच वजनकाटा आहे, असं कोरेगावच्या आसपास सगळे मानतात. ते खोटंही नाही. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचं मैदान भरलं की पैलवान लांग-लंगोट चढवून रिंगणात उभे राहतात. वस्ताद त्यांच्यामधून एक चक्कर मारतात, एकाचा दंड चाचपतात, दुसऱ्याच्या मानेवर थाप देतात आणि दोघांचे हात धरून वर उचलतात. झाली जोड. एकदा हात वर गेले की ती जोड मोडायची नाही, अशी रीत आहे. मग पैलवान कुरकुरत नाही, पंच कुरकुरत नाहीत, पैलवानाची आईसुद्धा कुरकुरत नाही.

हे मैदानापुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण एका ठिकाणी मान मिळाला की माणूस दुसरीकडेही तो चालवून बघतो. वस्तादांनी म्हैस घेतली ती नुसती अंगापिंडावरून. ती दुधापेक्षा लाथा जास्त देते. बाजारातून भोपळा आणला तर सगळ्यांत मोठा, मग आठवडाभर घरात सकाळ-संध्याकाळ भोपळा. मोटारसायकल अशी घेतली की स्टँडवर चढवताना तालमीतल्या पोराला हाक मारावी लागते. थोरलं तेच खरं, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या पत्नी मनुबाई मात्र अंगाने काटकुळ्या. त्यांना कुणी विचारलंच, तर त्या पदराआडून हसतात आणि म्हणतात, "मला सासूबाईंनी पसंत केलं. ह्येंच्यावर सोडलं असतं तर दारात हत्तीणच आली असती."

या दोघांची एकुलती एक लेक क्रांती. ती सांगलीला बांधकामाच्या इंजिनिअरिंगला आहे. दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीने ती कोरेगावला उतरायची आणि वस्ताद स्टेशनवर मोटारसायकल घेऊन तिच्या आधी हजर असायचे. रविवारभर घरात तिचाच आवाज. तालमीतल्या पोरांची टिंगल कर, आईच्या भाजीला नावं ठेव, म्हशीशी भांड. वस्ताद सोप्यात बसून सगळं ऐकायचे आणि काहीच ऐकत नसल्यासारखा चेहरा ठेवायचे. सोमवारी पहाटे ती गेली की त्या दिवशी ते पोरांकडून दुप्पट जोर काढून घेत. सोमवार वाईट का जातो हे पोरांना कळलं होतं, वस्तादांना कळलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नकाशे संगणकावर काढायचे आले आणि क्रांतीला लॅपटॉप लागला. बापलेक साताऱ्यात गेले. दुकान शिवतेजचं, म्हणजे वस्तादांच्याच जुन्या पठ्ठ्याचं. आता त्याला पोट सुटलं होतं, पण वस्ताद दिसताच तो गल्ल्यावरून उठला आणि त्याने सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. खरा घोटाळा तिथेच झाला. पायावर डोकं ठेवणारा दुकानदार तुम्हाला वस्तू विकू शकतो, सल्ला देऊ शकत नाही.

"आबा, मला चौदा इंची बास हाय," क्रांती म्हणाली.

"चौदा? शिवतेज, सगळ्यांत थोरला केवढा हाय रं?"

"सतरा इंची हाय, वस्ताद. पर त्यो..."

"आन् ह्ये इंच मोजता कुठनं?"

"पडद्याच्या ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापतोर. तिरकं."

"तिरकं? आरं, पैलवानाची छाती कुनी तिरकी मोजतं का?"

शिवतेजने तीन लॅपटॉप काउंटरवर मांडले. वस्तादांनी त्यांच्यासमोरून मैदानातल्यासारखी चक्कर मारली. तेरा इंची उचलून त्यांनी उजेडात धरला. "ह्यो पापड हाय. तळायचा का भाजायचा?" चौदा इंचीला त्यांनी थोडा मान दिला. "ह्यो बरा हाय, पर अजून मिसरूड फुटायचंय." मग सतरा इंची. काळा, रुंद, मागच्या बाजूला जाळ्या, बटणांखाली रंगीबेरंगी दिवे. सुरू करताच त्याच्या पंख्याने घर्रकन दम भरला आणि वस्तादांचा चेहरा खुलला.

"ह्येला म्हनत्यात अंग!"

"आबा, तीन किलोचा हाय त्यो. वर चार्जर येगळा. मला रोज पाठीवर न्ह्यायचाय."

"न्हेशील की! लेक कुनाची तू?"

शिवतेजने तोंड उघडलं. वस्तादांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. शिवतेजने तोंड मिटलं. वस्तादांनी एका हाताने क्रांतीचा हात धरला, दुसऱ्या हाताने त्या काळ्या धुडाचं झाकण, आणि दोन्ही वर उचलले. "लागली जोड!" गिऱ्हाइकांपैकी एकाने सवयीने टाळीसुद्धा वाजवली.

घरी आल्यावर मनुबाईंनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. अख्खी तालीम बघायला लोटली. बटणांखालचे दिवे बघून पोरं हरखली, वस्तादांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि सोमवारी पहाटे क्रांती ते सगळं पाठीवर घेऊन सांगलीला गेली. जाताना ती किंचित पुढे झुकून चालत होती. वस्तादांना वाटलं, अभ्यासाची गोडी लागली पोरीला.

त्या शनिवारी फोन आला. "आबा, ह्या खेपेला न्हाई जमत. नकाशे द्यायचेत."

"बरं," वस्ताद म्हणाले. "न्हाई, म्हैस वाट बगत हुती तुजी."

"म्हशीला सांगा, पुढल्या शनिवारी येते."

पुढल्या शनिवारीही आली नाही. त्याच्या पुढल्याही. वस्ताद तरी संध्याकाळी मोटारसायकल काढून जायचे. कुठं निघालात, असं विचारलं की म्हणायचे, पेट्रोल भरायला. आता पंप एका टोकाला आणि स्टेशन दुसऱ्या टोकाला, हे गावातल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. गाडी यायची, माणसं उतरायची आणि वस्ताद एकटेच परत यायचे. फोनवर मात्र म्हशीची तब्येत दिवसेंदिवस ढासळत चालली होती. आता तर ती वैरणीला तोंडच लावत नव्हती म्हणे. प्रत्यक्षात गोठ्यात ती दणकून खात होती.

शेवटी एके दिवशी मनुबाईंनी भाकरी थापता थापता विषय काढला.

"आवं, काम म्हनून न्हाई थांबत ती. त्यो धोंडा घिऊन गाडीत चेंगरत उभं ऱ्हावं लागतंय. पिशवीचा बंद तुटला मागं. काम सगळं त्येच्यात, आन् त्यो जागचा हलत न्हाई. पोरगी येनार कशी? तुमीच तिला दावं बांधलंय."

"तुला कुनी सांगितलं?"

"तिनंच. मला सांगती ती."

वस्ताद ताटावरून अर्धपोटी उठले. राग भाकरीवर काढावा अशी त्यांची रीत नव्हती, पण त्या दिवशी घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सांगलीत क्रांतीच्या खोलीवर हजर झाले. खोली तिसऱ्या मजल्यावर. क्रांती कॉलेजला निघालीच होती. "आन ती पिशवी हिकडं," वस्ताद म्हणाले. "बगू तरी." आत हात घालताच जड विटेसारखं काहीतरी लागलं.

"ह्ये काय?"

"चार्जर."

"त्यो घरी ठिवायचा."

"मग दोन तासांत ह्यो झोपतो, आबा."

जिना उतरेपर्यंत वस्ताद मजेत होते. उमेदीत त्यांनी भरला पैलवान खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली होती. ही पिशवी ती काय. पण तो पैलवान फेरी झाली की आपणहून खाली उतरला होता. ही पिशवी उतरत नव्हती. कोपरा आला, चौक आला, मग लांबलचक सरळ रस्ता. वस्तादांनी खांदा बदलला. थोड्या वेळाने परत बदलला. "चहा घ्यूया का?" त्यांनी विचारलं. चहाची त्यांना मुळीच सवय नाही. क्रांतीने हसू दाबलं.

कॉलेजात आणखी एक गंमत दिसली. झाडाखालच्या कट्ट्यावर पोरी लहान लॅपटॉप मांडीवर घेऊन कामं करत होत्या, बोलत होत्या, खिदळत होत्या. क्रांती मात्र आत जाऊन भिंतीतला प्लग शोधायला लागली. जिथं प्लग तिथं तिची बैठक. एका अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवर ती एकटीच बसली, कारण वायर तेवढीच पुरत होती. बसताना तिने डावा खांदा हळूच चोळला. तिथं पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

पोरांच्या अंगावरचे वळ वस्तादांनी जन्मभर बघितले होते, त्यांचं कौतुकही केलं होतं. हा वळ मात्र त्यांना बघवेना.

"पयल्यांदाच का न्हाई बोललीस?"

"बोलले हुते की, आबा. चौदा इंची बास म्हटलं हुतं. पर तुमी हात वर केला. तुमी लावलेली जोड मोडनार कोन?"

वस्तादांनी वायर भिंतीतून उपसली आणि लॅपटॉप पिशवीत घातला. म्हणाले, "चल. साताऱ्याला जाऊया."

शिवतेजने पुन्हा पायांवर डोकं ठेवलं. वस्तादांनी त्याला मानेला धरून उभं केलं.

"खरं सांग. ह्यो लेकीला जड हुनार, ह्ये तुला तवाच म्हाईत हुतं?"

"व्हय, वस्ताद."

"मग तोंड का मिटलंस?"

"तुमच्यापुढं बोलायचं? मी?"

तालमीचा एक नियम आहे: जो चुकला त्याने बैठका मारायच्या. हा नियम वस्तादांनीच केलेला, आणि तो वस्तादांनाही लागू आहे हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण वस्ताद कधी चुकलेच नव्हते. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली, धोतर खोचलं आणि दुकानाच्या मध्यभागी बैठका सुरू केल्या.

शिवतेज हबकला. "वस्ताद, आवं ह्ये काय! गिऱ्हाईक बगतंय!"

"बगू दे. आन् तू काय हुबा ऱ्हायलास? तोंड मिटून बसलास, तुजीबी चूक हाय."

मग काय, दुकानदार आणि गिऱ्हाईक समोरासमोर खालीवर होऊ लागले. वस्ताद घड्याळासारखे एका लयीत, शिवतेज मात्र प्रत्येक बैठकीला काउंटरचा आधार शोधत. प्रिंटर घ्यायला आलेल्या एका बाईंना वाटलं, इथं भाव उतरवायची ही पद्धत असावी. त्या दाराशीच थांबल्या.

घाम पुसून वस्ताद क्रांतीकडे वळले. "आता पंच तू. मी तोंड उघडत न्हाई."

क्रांतीने आपला एक मोठा नकाशा, तीन मजली इमारतीचा, पेनड्राइव्हवर सोबत आणलाच होता. आधी तिने तो तेरा इंचीवर उघडला. इमारत अर्धी फिरली आणि मध्येच अडकून बसली. हलका होता, पण कामाला पुरा पडत नव्हता. मग चौदा इंची. त्याच्यावर इमारत गरकन पूर्ण फिरली, आतले जिने दिसले, खिडक्या दिसल्या. क्रांतीने तो बंद करून पिशवीत घातला, पिशवी पाठीला लावली आणि दुकानात चार पावलं चालून बघितली. ताठ चालली.

वस्तादांची जीभ शिवशिवत होती. त्यांनी एकदाच विचारलं, "पडदा ल्हान न्हाई व्हायचा?"

"घरी टीव्हीला वायर लावीन की. थोरला पडदा घरात, कामाचा गडी पिशवीत."

जोड लावायला वस्तादांचा हात उचलला गेला होता, तो त्यांनी काउंटरवरची टोपी डोक्यावर चढवण्यात जिरवला. क्रांतीनेच मग त्यांचा हात धरला आणि लॅपटॉपसकट वर उचलला. सतरा इंची शिवतेजने ठेवून घेतला आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या उदयसिंहला दिला. त्या गड्याला टेबलावरून उठायचंच नसतं. त्याला तो झकास मानवला.

शनिवारी संध्याकाळी वस्ताद स्टेशनवर होते. पेट्रोलचं नाव या खेपेला त्यांनी काढलं नव्हतं. गाडी थांबली, क्रांती उतरली. वस्तादांनी तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि त्यांचा चेहरा पडला. पिशवी हलकी लागली. म्हणजे लॅपटॉप सांगलीलाच राहिला. म्हणजे काम तिकडे. म्हणजे उद्या सकाळच्या गाडीनेच पोरगी माघारी. एवढी जोड मोडली, चारचौघांत बैठका मारल्या, आणि शेवटी पाहुण्यासारखी एक रात्र.

"सकाळच्याच गाडीनं जानार व्हय?" त्यांनी जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं.

"का वो?"

"न्हाई, पिशवी रिकामी दिसतीया."

क्रांतीने चेन ओढून दाखवली. दोन ड्रेसच्या घड्यांमध्ये लॅपटॉप निवांत पडला होता. "हाय की आत. सोमवारपतोर हाय मी. रविवारी तुमचा टीव्ही मात्र मला लागंल, कुस्त्या बगायच्या न्हाईत."

वस्तादांनी पिशवी पुन्हा एकदा तोलून बघितली. जन्मात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी हलकं आवडत होतं.

"घे की टीव्ही. लय बरं झालं आलीस. तुज्याबिगर अजाबात करमत न्हवतं बग."

"म्हशीला?"

"म्हशीला कशाला," वस्ताद म्हणाले. "मला."

क्रांती बाहेर येऊन सीटवर बापाच्या पाठीमागे जवळ सरकून बसली. वस्तादांनी पिशवी छातीवर अडकवली आणि मोटारसायकलला किक मारली.