आमच्या घरमालकांचे साडेसहा

बसवनगुडीतल्या आमच्या घरमालकांनी जगातल्या एकाही गोष्टीला आजवर चांगलं किंवा वाईट म्हटलेलं नाही. ते तिला गुण देतात. नऊपैकी. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवून झाल्यावर त्यांनी बरीच वर्षं परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध तपासले. ते काम सुटलं, पण त्या कामाचे चार रकाने काही सुटले नाहीत. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्द कसे वापरलेत आणि व्याकरण कितपत शुद्ध आहे. प्रत्येक रकान्याला वेगळे गुण, मग सरासरी, आणि तीही ओढूनताणून जवळच्या अर्ध्यावर नेऊन टेकवायची. एकदा गांधी बाजारला यायला नकार देणाऱ्या रिक्षावाल्याने आमच्याशी कन्नडमध्ये दहा मिनिटं हुज्जत घातली. मी घामाघूम झालो होतो आणि हे शांतपणे ऐकत उभे. रिक्षा निघून गेल्यावर म्हणाले, "आठ. मुद्दा एकच होता, पण शेवटपर्यंत सोडला नाही." एका शोकसभेहून परतताना मी सहज विचारलं, भाषण कसं झालं, तर म्हणाले, "गेलेला माणूस तिसऱ्या परिच्छेदात आला. पहिल्या रकान्यात पाच." त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, तर रोज दोन वेळा परीक्षेला बसावं लागतं, विषय बहुतेक सारु, म्हणजे आपलं सार. "सारु मागितलं, सारु मिळालं, पहिल्या रकान्यात नऊ. दुसऱ्यात सहा. डाळ आणि पाणी एकमेकांना धरून नाहीत." यावर अक्का म्हणतात, "सरी, ठीक आहे. उद्या तुम्ही बसा धरून."

अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, मी तीन वर्षांपूर्वी राहायला आलो. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, डोळा कॅनडावर. कॅनडासाठी ही परीक्षा देणं भाग होतं आणि लेखनात सात हवे होते. मी पुण्याचा, त्यामुळे स्वतःच्या इंग्रजीविषयी मत चांगलंच होतं. शिवाय मी नेटवरून एक निबंध पाठ करून ठेवला होता, तंत्रज्ञानाचे फायदे आणि तोटे. परीक्षेत विचारलं की वस्तुसंग्रहालयात प्रवेश फुकट असावा का. मी डगमगलो नाही. माझ्या निबंधातला माणूस पहिल्याच वाक्यात हातात मोबाईल घेऊन वस्तुसंग्रहालयात शिरला आणि उरलेला सगळा निबंध मोबाईलवर बोलत राहिला. सहा मिळाले. हा किस्सा मी खाली जाऊन मोठ्या फुशारकीने सांगितला, तर घरमालकांना जरासुद्धा हसू आलं नाही. "पाठ केलेलं दोन ओळींत कळतं," ते म्हणाले. "भाषा मधेच इस्त्रीची होते. उद्यापासून सात वाजता खाली या."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता मी खालच्या कट्ट्यावर हजर. हाताने लिहिलेला निबंध त्यांच्या मांडीवर, स्टीलच्या लोट्यात कॉफी आणि त्यांच्या कानामागे पेन्सिल. वरच्या मजल्यावर राहणारा माणूस फार दिवस टिकत नाही, ही त्यांची ख्याती होती. माझ्या आधीचे तिघे त्यांच्याकडून शिकून वर्ष-दोन वर्षांत मेलबर्न, टोरांटो आणि पुन्हा मेलबर्नला गेले होते. "सगळ्यांना पास करतात आणि मग वर कोणी नाही म्हणून वर्तमानपत्राला गुण देत बसतात," अक्का म्हणायच्या. मी मात्र टिकलो. दुसऱ्यांदा परीक्षा दिली, साडेसहा. त्यानंतर सहा महिने कट्ट्यावर जे लिहीन त्याला साडेसहा. प्राणिसंग्रहालयावर साडेसहा, गृहपाठावर साडेसहा, शहरातल्या वाहतुकीवर मी पोटतिडकीने, रोजच्या अनुभवाने लिहिलं, तरी साडेसहा. तिसऱ्यांदा फॉर्म भरू का विचारलं की म्हणायचे, "स्वल्प थांबा. अजून सात दिसत नाही." माझं वय वाढत होतं आणि कॅनडावाले वयाचे गुण दरवर्षी कापत होते. आणखी थांबलो असतो तर लेखनात सात मिळूनही उपयोग झाला नसता.

शेवटी माझ्यातला पुणेकर जागा झाला. अक्कांनी मला नमुने वाचायला म्हणून जुन्या भाडेकरूंच्या निबंधांची फाईल दिली होती. त्यातला टोरांटोवाल्याचा एक निबंध मी माझ्या अक्षरात उतरवला आणि माझा म्हणून खाली नेला. घरमालकांनी तो दोनदा वाचला, पेन्सिल चारही रकान्यांतून फिरवली आणि खाली लिहिलं, साडेसहा. मी खिशातून मूळ कागद काढून शेजारी ठेवला. त्याच्या कोपऱ्यात त्यांच्याच हातचे आठ होते. मला वाटलं होतं, आता मजा येईल. मी चेहराही तसाच करून बसलो होतो.

त्यांनी दोन्ही कागद ओळीने ताडून पाहिले. "उतरवताना तुम्ही दोन स्पेलिंगं चुकवलीत," ते म्हणाले. "आठाचे साडेसात होतील. साडेसहा होणार नाहीत." मग पेन्सिल कट्ट्यावर ठेवली. "म्हणजे मी निबंध वाचत नव्हतो. अक्षर वाचत होतो." आणि आत निघून गेले.

तीन दिवस त्यांनी कशालाही गुण दिले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी अक्का जिन्यात भेटल्या. "काय केलंत हो तुम्ही? जेवून गप्प उठतात. मला बरं वाटायला हवं होतं, पण सारु कसं झालंय तेच कळेना." मी खालमानेने ऑफिसला गेलो. जिंकल्यावर काय करायचं ते बढाईखोर माणसाला कोणी शिकवत नाही. संध्याकाळी मी माफी मागायला खाली गेलो, तर त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुमचे शेवटचे पंधरा निबंध टाईप करून आणा. फाईलमधलेही दहा करा. नाव नको, नुसते नंबर. पत्त्यांसारखे पिसून द्या."

ते पंचवीस कागद त्यांनी दार लावून तपासले. दुसऱ्या संध्याकाळी नंबरांना नावं लावून पाहिलं, तर माझे दोन साडेसहा होते, एक साडेसात, बाकी सगळे सात.

"परीक्षेला बसा. याच महिन्यात," ते म्हणाले.

"पण अण्णा, इतके दिवस..."

"इतके दिवस मी चुकत होतो. का, ते विचारू नका. त्याला रकाना नाही."

मी बसलो. प्रश्न काय होता ते आता आठवतही नाही. विचारलं तेवढंच लिहिलं एवढं आठवतं. निकाल घेऊन खाली गेलो. त्यांनी चष्मा पुसून सगळे आकडे वाचले आणि लेखनाच्या साताखाली बोट ठेवलं. "बरोबर आहे," म्हणाले. अक्कांनी शिरा केला. त्याला मात्र त्यांनी गुण सांगितले नाहीत, दोनदा वाढून घेतला.

कॅनडाचे कागद यायला अजून चार-पाच महिने जातील. परवा रविवारी घरमालक पहिल्यांदाच जिना चढून वर आले. गुडघ्यांमुळे ते वर येत नाहीत, म्हणून मी घाबरून उठलो. त्यांनी भिंती पाहिल्या, खिडकीची कडी लावून पाहिली, मग मान वर केली.

"हा फॅन असाच वाजतो?"

"पहिल्या दिवसापासून."

"कधी बोलला नाहीत."

"सवय झाली, अण्णा. आता त्याच्याशिवाय झोप लागत नाही."

"नवीन माणूस यायच्या आधी दुरुस्त करून घ्यायला हवा." ते माझ्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ त्या पात्यांकडे बघत राहिले. मी वायरमनचा नंबर शोधायला मोबाईल उचलला, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"आत्ता नको. तुम्ही आहात तोवर वाजू दे."