वाहत्या हवेचा दाब

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. हवा गार. धाकट्या जावेचा जुना कॉम्प्रेसर बंद पडला. भाऊजींनी स्वस्तातला नवा आणला. पोस्टातली बाई दुपारी हात न्यायला येणार.

माझी धाकटी जाऊ मागच्या खोलीत रबराचे हात रंगवते. हात गमावलेल्या माणसांसाठी ते दवाखान्यातून कोरे येतात. ही सुईच्या टोकाएवढ्या तोंडाच्या पिचकारीतून, हवेच्या जोरावर, त्यांना कातडीचा रंग देते. लग्न होऊन आली तेव्हा दुकानांच्या पाट्या रंगवायची. कातडी रंगवायला ती स्वतःच्या मनगटाकडे बघत शिकली.

पोस्टातली बाई सोमवारी पुन्हा खिडकीत बसणार होती. अपघातापासून तिनं उजवा हात चारचौघांत खिशाबाहेर काढला नव्हता. आज फक्त शिरा काढायच्या राहिल्या होत्या.

नव्या यंत्राला हवा साठवायची टाकी नाही. जावेनं सवयीनं, पिचकारी बंद असतानाच, दाबाचा काटा हवा तिथे लावला. रंग सोडताच काटा घसरला. शेजारी उभ्या भाऊजींनी तत्परतेनं दाबाची चावी पिळली. तिनं क्षणभर बोट उचललं, तेवढ्यात नळीत दाब साठला; पुन्हा दाबलं, आणि मनगटावर निळा रंग कोळ्याच्या पायांसारखा पसरला.

“अहो, चावीला हात कुणी लावला?”

“काटा पडत होता, म्हणून चढवला. मदतच केली ना!”

“फार उपकार झाले! आता हे मनगट घेऊन ती बाई तिकिटं विकेल.”

“वहिनी, तुम्हीच सांगा हिला...”

“भाऊजी, तुम्ही चहा टाका,” मी म्हटलं.

रंग ओला होता तोवर तिनं तो अलगद पुसला. खालचे थर आधीच भाजून पक्के केलेले, म्हणून वाचले. मग जुन्या फुकट गेलेल्या रबरी बोटावर पिचकारी चालू ठेवून तिनं चावी केसभर केसभर फिरवली.

“चूक माझीही झाली, ताई. हवा वाहत असताना काटा बघायचा. थांबलेली हवा मोठा आव आणते.”

हवा धापा टाकत येत होती, म्हणून तिनं लांब नळी जोडली. तिच्या वेटोळ्यांत धाप विरली. मग ती पुन्हा मनगटाकडे वळली. रबराखालून शीर वर यावी तशी ती निळसर रेघ उमटली, अंगठ्यापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. तिथे रक्त नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी बोट लावून पाहिलं.

दुपारी त्या बाईनं आपला डावा आणि हा नवा उजवा, दोन्ही हात टेबलावर शेजारी ठेवले. नव्या हातावरच्या एका डागावर तिचं बोट थांबलं.

“हा लाखेचा चटका... उजव्या हातावर होता माझ्या.”

“तूच सांगितलं होतंस. पहिल्या दिवशी,” जाऊ म्हणाली.

तिनं हात चढवला, पर्स त्याच हातावर अडकवली आणि भरल्या रस्त्यातून तशीच गेली. मी गच्चीवरून वळणापर्यंत पाहत राहिले. हात खिशात गेला नाही.

संध्याकाळी मोठ्या खोलीतला बल्ब बदलला.