उंबऱ्याबाहेरचं मशीन

काजमावशीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा ‘अगं’ म्हणायचा आणि बाकी साऱ्यांची ती काजमावशी. आसपासचे शिंपी शर्ट शिवत, पण त्याची काजं करायला तिच्याकडे पाठवत. बटण जाईल एवढी चीर, तिच्या कडेनं टाक्याला टाका, आणि शर्ट विरून गेला तरी काज उसवता कामा नये. तीस वर्षं ती हेच करत आली होती. ‘‘शिंपी नुसता शिवतो, अंगावर बंद मी करते,’’ असं ती म्हणायची. यात गर्व आहे असं कुणी सुचवलंच तर ‘‘आहेच,’’ म्हणून मोकळी व्हायची.

गेल्या वर्षी मात्र तिला सुईचं नेढं दिसेनासं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ‘‘आतला पडदा खराब होतोय. चष्म्यानं भागणार नाही. आहे तेवढं टिकवू.’’ मावशी घरी आली आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. काज करणारीला दिसत नाही म्हटल्यावर शर्ट कोण पाठवेल? ती बोटांनी चाचपून काजं करू लागली. दिवसाचे नऊ शर्ट व्हायचे, ते चारावर आले. विचारलं तर कंबर दुखते म्हणायची. बिचारी कंबर, तिचा काडीचाही दोष नव्हता.

यावर तिला एकच उपाय दिसत होता, काजाचं मशीन. कापड नीट धरलं की टाकेही तेच घालतं आणि चीरही तेच पाडतं. कापड धरायला बोटं पुरतात. शिलाई मशीनच्या दुकानात एक जुनं, दणकट मशीन मिळालं. पण त्याचं चीर पाडणारं पातं कोटाचं होतं, इंचभर लांब. शर्टाला अर्ध्या इंचाचं लागतं. मावशीनं दुकानदाराला बजावलं, ‘‘पातं बदला, माझ्यासमोर चालवून दाखवा, मग मी नेईन.’’

‘‘दोन दिवसांत करतो, मावशी. तुम्ही निर्धास्त राहा,’’ दुकानदार म्हणाला. मावशीनं साठवलेलं सगळं त्याच्या हातावर ठेवलं. बिल झालं. तो सोमवार होता.

बुधवारी संध्याकाळी दारात टेंपो थांबला. दुकानात नवा माल यायचा होता, म्हणून जागा करायला दुकानदारानं परस्पर मशीन धाडून दिलं होतं. टेंपोवाल्यानं दोरी बांधली होती ती देवाच्या भरवशावर. वाटेत वळणावर मशीन घसरून थेट रस्त्यावर आलं होतं आणि त्याचा बिडाचा सांगाडा तडकला होता. दोघा हमालांनी ते मावशीच्या दारासमोर बोळात आणून टेकवलं. ‘‘सही करा, मावशी.’’

मावशी खाली बसली. तिनं तडा चाचपला, मग दाबपट्टीखाली बोट घालून पातं चाचपलं. इंचभर. कोटाचंच.

‘‘सही नाही. हे माझं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘घेऊन जा.’’

हमालांनी मशीन तिथंच सोडून पळ काढला.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं हात वर केले. ‘‘बिल सोमवारचं, पैसे सोमवारी मिळाले, मशीन सोमवारपासून तुमचं. बुधवारी पडलं ते तुमचं पडलं. त्याला मी काय करू?’’

‘‘आणि पातं?’’

‘‘पातं मंगळवारीच बदललं. तुम्हाला फोनही केला होता.’’

इतकं धडधडीत खोटं, तेही डोळ्याला डोळा भिडवून! मावशीला त्याचे डोळे नीट दिसत नव्हते, पण आवाज ऐकू येत होता. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

नवरा निवृत्त बसड्रायव्हर. जन्मभर वाद घालणारे प्रवासी पाहून त्याला वादाचाच वीट आला होता. तो म्हणाला, ‘‘अगं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. भंगारात देऊन टाक. पदरी पडलं, पवित्र झालं.’’

‘‘पदरी पडलंच नाही अहो! दारात पडलंय. आणि दुसऱ्याची वस्तू मी भंगारात कशी देऊ?’’

तिनं ग्राहकांच्या तक्रार मंचाकडे अर्ज दिला. चार महिने मशीन बोळात पडून होतं. शेजारीण रोज त्याला ठेचकाळायची आणि रोज नवी शिवी द्यायची. पाऊस आला तर मावशी त्यावर प्लॅस्टिक टाकायची. ‘‘तुझं नाही म्हणतेस आणि पांघरूण घालतेस?’’ नवरा विचारायचा. ‘‘परक्याचं आहे म्हणूनच,’’ ती म्हणायची. पण उंबऱ्याच्या आत तिनं ते एक बोटभरही येऊ दिलं नाही. इकडे शर्ट चाराचे तीन झाले.

सुनावणीला नवरा सोबत आला. चौकातला शिंपी साक्षीला आला होता, कारण दुकान त्यानंच दाखवलं होतं. मशीन मंचाच्या आदेशावरून आणून टेबलाशेजारी ठेवलं होतं.

दुकानदाराचा वकील गोड बोलत होता. ‘‘बाई, अर्जात तुम्ही लिहिलंय, पातं जुनंच आहे हे तुम्हाला त्याच क्षणी कळलं. संध्याकाळची वेळ, बोळात दिवा नाही. आम्हाला जे उजेडात दिसत नाही ते तुम्हाला अंधारात दिसलं?’’

मागे कुणीतरी हसलं. मावशीनं पदर घट्ट धरला. ‘कंदील होता’ म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण दुकानदार जे करत होता तेच आपण करायचं?

‘‘दिसलं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मला उजेडातही दिसत नाही. वर्ष झालं. मी बोटांनी चाचपलं. काजं पण बोटांनीच करते.’’

शिंपी खाली बघू लागला. नवऱ्याचा चेहरा तिला दिसला नाही, आणि त्या वेळी तेच बरं वाटलं. ती थांबली नाही.

‘‘बाईसाहेब, शर्ट सगळा शिवून झाला, काजं तेवढी राहिली, तर शिंपी गिऱ्हाइकाला म्हणतो का, झाला शर्ट, घेऊन जा, आता फाटला तर तुझा? पातं घालणं यांचं काम होतं. ते केलं नाही. मग मशीन माझं कधी झालं?’’

वकील उठला. ‘‘चार महिने मशीन यांच्या दारात होतं. पातं यांनीच परत बदललं नसेल कशावरून?’’

मंचाच्या अध्यक्षबाईंनी मशीन तपासायला नेमलेल्या मिस्त्रीला पुढं बोलावलं. त्यानं दाबपट्टी उचलली आणि पात्याचा स्क्रू सगळ्यांना दाखवला. स्क्रूवर कारखान्यातला हिरवा रंग चढला होता, खाचेसकट. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. ‘‘मशीन बनल्यापासून हा स्क्रू कुणी फिरवलेला नाही,’’ मिस्त्री म्हणाला. दुकानदाराला अचानक पंख्याकडे बघावंसं वाटू लागलं.

अध्यक्षबाईंनी निकाल सोप्या शब्दांत सांगितला. वस्तू नेण्याजोगी करायचं काम विकणाऱ्याकडे बाकी असेल, तर ते पुरं होऊन घेणाऱ्याला कळेपर्यंत मालकी सरकत नाही, बिल झालेलं असो की पैसे दिलेले असोत. आणि जिची मालकी सरकली नाही, तिची जोखीमही सरकत नाही. पडलं ते दुकानदाराचं पडलं. ‘‘पैसे परत हवेत की दुसरं मशीन?’’

‘‘मशीन,’’ मावशी म्हणाली.

बाहेर आल्यावर नवरा तिच्याबरोबर फाटकापर्यंत आला. मग म्हणाला, ‘‘वर्षभर एका ताटात जेवतोय आपण. मला का नाही सांगितलंस?’’

‘‘घाबरले होते,’’ मावशी म्हणाली. त्याच्यापाशी हे कबूल करायला तिला वकिलापुढं बोलण्यापेक्षा जास्त जड गेलं. त्यानं तिचा हात धरला आणि तिला रस्त्यापलीकडे नेलं.

पुढच्या आठवड्यात दोन शिंप्यांनी शर्ट पाठवणं बंद केलं. चौकातल्यानं केलं नाही, पण ‘‘मशीन आलं की बघू,’’ म्हणाला.

मशीन आलं. दुकानदार स्वतः आला, त्याचा मिस्त्रीही आला. बोळातच मिस्त्रीनं अर्ध्या इंचाचं पातं बसवलं. नवऱ्यानं चष्मा पुसून सुईत दोरा ओवला. मावशीनं जुन्या चादरीच्या पट्टीवर एकामागून एक काजं काढली आणि प्रत्येकावरून अंगठा फिरवला. सतराव्याला ती थांबली. ‘‘इथं टाका सुटलाय.’’

‘‘मावशी, एवढं कोण बघतं!’’ दुकानदार वैतागला.

‘‘मी कुठं बघतेय?’’

मिस्त्रीनं पुन्हा खोलून जुळवणी केली. पुन्हा पट्टी, पुन्हा अंगठा. ऊन बोळातून सरकून भिंतीवर गेलं. शेवटचं काज चाचपून तिनं पट्टीची घडी केली, आणि सहीसाठी पुढं आलेला कागद घेतला. नवऱ्यानं तिचं बोट जागेवर टेकवलं, तिनं मोठ्या अक्षरांत सही केली.

मिस्त्री आणि दुकानदार मशीन उचलायला वाकले. ‘‘थांबा,’’ मावशी म्हणाली. तिनं पदर खोचला, पुढं होऊन एक बाजू स्वतः धरली. ‘‘आता सांभाळून. आता पडलं तर माझं पडेल.’’